घरोघरी प्रथमोपचार : चाकाचा नट हलेना तेव्हा



गेल्या अंकात सुजलेल्या बोटातून अंगठी कशी काढावी ते लिहिलं होतं. त्यावर अश्दोदच्या एका आजोबांनी फोन केला. म्हणाले, "सिस्टर, अंगठीचं कळलं. आता गाडीच्या चाकाचा नट कसा काढायचा तेही लिहा. तो अंगठीपेक्षा जास्त छळतो." आम्ही हसलो, पण विषय काही हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आपल्यातले पुष्कळ आजोबा आणि काही आज्यासुद्धा अजून स्वतः गाडी चालवतात. कुणी दवाखान्यात जातं, कुणी नातवंडांना शाळेतून आणतं. टायर बसला आणि नट निघेना, की माणूस एकटा रस्त्यावर आणि घरची माणसं घोरात.

आम्ही जन्मभर नर्सिंग केलं, गाड्या दुरुस्त केल्या नाहीत. पण आमच्या यजमानांनी मोशावात पुष्कळ वर्षं ट्रॅक्टर आणि गाड्या दुरुस्त केल्या. तेव्हा पान्या-गोटीचं ज्ञान त्यांचं, आणि हाडं मोडू नयेत म्हणून सांगणं आमचं. असा हा लेख आम्ही दोघांनी मिळून लिहिला आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो, बाकी सगळं विसरलात तरी चालेल. नट रस्त्यावर मोडला असं आपण म्हणतो, पण तो खरा बिघडलेला असतो आधीच. ज्या दिवशी कुणीतरी तो प्रमाणाबाहेर आवळला, त्याच दिवशी. म्हणून नट काढण्याची युक्ती जेवढी कामाची, त्याहून तो नीट बसवून घेणं जास्त कामाचं.

नट का अडतो?

मुलांनो, आधी चाक कसं बसवलेलं असतं ते बघा. चाकाच्या मागे जो लोखंडी गोल असतो तो हब. हबमधून चार किंवा पाच जाड दांडे बाहेर येतात, त्यांना स्टड म्हणतात. स्टडला आटे पाडलेले असतात. चाक स्टडवर अडकवायचं आणि वरून नट फिरवून आवळायचे. टोयोटा, ह्युंदाई, किया, माझदा अशा जपानी-कोरियन गाड्यांना ही पद्धत. फोक्सवॅगन, स्कोडा, बीएमडब्ल्यू अशा युरोपी गाड्यांना बहुतेक स्टड नसतात. तिथे बोल्टच बाहेरून हबच्या आत जातो.

नट आवळला की स्टड किंचित ताणला जातो, आणि तो ताणच चाक धरून ठेवतो. पायजम्याच्या इलॅस्टिकसारखं समजा. बेताने ताणलं तर धरून ठेवतं, फार ताणलं तर सैल पडतं किंवा तुटतं. हॉस्पिटलात आम्ही पट्टी बांधायला शिकलो तेव्हा हेच शिकवलं होतं. सैल बांधली तर पट्टी गळून पडते, घट्ट बांधली तर बोटं निळी पडतात. नटाचंही तसंच आहे. सैल राहिला तर चाक निखळण्याची भीती, फार आवळला तर स्टड ताणतो, आटे खराब होतात, आणि वेळेला नट हलत नाही.

साध्या मोटारीच्या नटाला साधारण १०० ते १२० न्यूटन-मीटर एवढा पीळ लागतो. नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात असतो, तोच धरावा. १०० न्यूटन-मीटर म्हणजे अर्धा मीटर लांब पान्याच्या टोकावर सुमारे २० किलोचा जोर. एवढंच! आता ६० किलोचा माणूस ४० सेंटिमीटरच्या पान्यावर उभा राहिला, तर नटावर दुपटीहून जास्त पीळ पडतो. आणि पंचरवाल्याकडची हवेची गन? मोठी गन ५०० न्यूटन-मीटर आणि त्याच्याही वर जाऊ शकते. घाईत असलेल्या मुलाने ती दोन सेकंद जास्त दाबून धरली, की झालं.

दुसरं कारण गंज. दिमोना, येरुहामच्या कोरड्या हवेत गंज जरा कमी. पण अश्दोदसारख्या समुद्रकाठच्या गावात खारी हवा लोखंडाला खाते, आपल्या अलिबाग-रेवदंड्यात खिडकीच्या गजांना खायची तशीच. काही नटांवर शोभेसाठी चकचकीत पातळ टोपी चढवलेली असते. तिच्या आत पाणी शिरतं, आतलं लोखंड गंजतं, टोपी फुगते, आणि कालपर्यंत बसणारा पाना आज बसत नाही.

तिसरं कारण चुकीचा पाना. सैल पाना नटाच्या सहा कोपऱ्यांवर घसरतो आणि कोपरे झिजवतो. कोपरे गेले की नट गोल झाला, आणि गोल वस्तू पान्याला धरता येत नाही.

आमच्या इमारतीतल्या एका काकांचं उदाहरण सांगतो. काका आठवड्यातून तीनदा पहाटे मावशींना डायलिसिसला नेतात. मागच्या हिवाळ्यात निघाले आणि वाटेत टायर बसला. चार नट निघाले, पाचवा काही हलेना. काका पान्यावर चढून उभे राहिले. पाना सटकला, नटाचे कोपरे गेले आणि काका गुडघ्यावर आपटले. महिनाभर आधीच त्यांनी एका दुकानात टायर बदलून घेतले होते, तिथे गनने आवळलेला तो नट. मावशींना टॅक्सीने पुढे पाठवलं, पण उशीर झालाच. डायलिसिसची खुर्ची वेळ ठरवून दिलेली असते, पुढचा माणूस बाहेर थांबलेला असतो. त्या दिवशी मावशींना मशीनवर कमी वेळ मिळाला. दोन दिवस पाय सुजून धाप लागत होती. एका नटापायी! आणि नंतर मदतीला आलेल्या तरुण पोराने तोच नट दहा मिनिटांत काढला. तो काही पहिलवान नव्हता. त्याच्याकडे योग्य गोटी होती आणि धीर होता.

आधी जिवाची काळजी

हॉस्पिटलात पेशंटला हात लावण्याआधी आपण जागा सुरक्षित आहे का ते बघतो. इथेही तेच.

मोठ्या कवीशावर, गाड्या धडाधड जात असतील तिथे, चाक बदलूच नका. गाडी जमेल तेवढी कडेला घ्या, चारही दिवे लुकलुकते लावा, चमकणारं जाकीट गाडीतून उतरण्यापूर्वी अंगात घाला. ते गाडीत ठेवणं इथे कायद्याने सक्तीचं आहे, पण ते डिकीत सामानाखाली असेल तर काय उपयोग? सीटजवळ ठेवा. मागे त्रिकोण लावा. मग सगळ्यांनी लोखंडी कठड्याच्या पलीकडे उभं राहायचं आणि फोन करायचा. विम्याची रस्ता-सेवा असेल तर तिथे करा, नाहीतर 'यदिदिम'च्या स्वयंसेवकांना १२३० वर. ही माणसं पैसे घेत नाहीत. जीव धोक्यात वाटला तर पोलीस १००.

घराजवळ, सपाट जागेवर, दिवसाउजेडी स्वतः करायचं असेल तर क्रम असा. हॅण्डब्रेक ओढा, गिअर पी मध्ये घाला, आणि जे चाक काढायचं त्याच्या तिरक्या समोरच्या चाकाला पुढून-मागून दगड किंवा लाकूड लावा. नट आधी जमिनीवरच सैल करा, गाडी जॅकवर चढवण्यापूर्वी. जॅकवरच्या गाडीशी अडलेल्या नटासाठी झोंबलात तर गाडी जॅकवरून घसरेल. आणि जॅकवरच्या गाडीखाली हात, पाय, डोकं काहीही घालायचं नाही.

आता आजी-आजोबांसाठी खास. श्वास रोखून जोर लावू नका, त्याने रक्तदाब एकदम चढतो. पान्यावर उभे राहू नका. या वयात पडलो की खुबा मोडतो आणि खुबा मोडला की महिने जातात, हे आम्ही वॉर्डात फार पाहिलं आहे. रक्त पातळ होण्याची गोळी घेत असाल तर साधा मारसुद्धा काळानिळा होऊन पसरतो. जोर लावताना छातीत दुखलं, घाम फुटला, तर पाना खाली ठेवा आणि १०१ ला फोन करा. हातोडी चालवणाऱ्याने डोळ्यांना चष्मा लावावा. लोखंडाचा कण डोळ्यात गेला तर डोळा चोळू नका, झाकून सरळ डॉक्टरकडे जा.

काढायचा कसा?

नट घड्याळाच्या उलट दिशेने फिरवला की सुटतो. एकदा दोनदा बेताने करून पाहा. हलला नाही तर जोर वाढवण्याआधी पुढच्या गोष्टी करा.

पहिली, साफसफाई. तारेच्या ब्रशने नट आणि स्टडचं बाहेर आलेलं टोक घासा. गंजावर आत झिरपणारं तेल, डब्ल्यूडी-४० सारखं, थोडंसं मारा आणि पंधरा-वीस मिनिटं थांबा. जास्त थांबलात तर आणखी बरं. या वेळात चहा प्या. तेल ब्रेकच्या थाळीवर उडू देऊ नका.

दुसरी, ठोकणं. नटाच्या डोक्यावर हातोडीने हलके-हलके चार-सहा ठोके द्या. धक्क्याने गंजाची पकड सुटते आणि तेल आत उतरतं.

तिसरी, योग्य गोटी. आतून सहा कोपरे असलेलीच गोटी घ्या, बारा कोपऱ्यांची लवकर घसरते. गोटी पूर्ण आत बसवा. पान्याला लांब दांडा लावा आणि झटका न देता, एकसारखा दाब द्या. लांब दांड्याला कमी जोर पुरतो, हे वरच्या हिशोबावरून मुलांना कळलंच असेल. आधी केसभर आवळण्याच्या दिशेला आणि मग सोडण्याच्या दिशेला, असं केल्यानेही कधीकधी गंज फुटतो.

चौथी, कोपरे गेलेल्या नटासाठी. मूळच्या मापाहून जरा लहान गोटी घ्या. नट १९ नंबरचा असेल तर १८ ची. हातोडीने ठोकून ती नटावर घट्ट चढवा आणि मग फिरवा. काकांचा नट असाच निघाला. नट नंतर गोटीत अडकून राहतो, तो मागून ठोकून काढायचा. फुगलेली टोपी असेल तर ती छिन्नीने सोलून काढा. आतला नट लहान असतो, त्याला लहान गोटी बसते.

पाचवी, खास गोटी. गोल झालेले नट काढण्यासाठी आतून पिळाचे दात असलेली गोटी बाजारात मिळते. सोडण्याच्या दिशेने फिरवली की तिचे दात नटात रुततात. चोरांपासून बचाव करणाऱ्या लॉकच्या नटाची किल्ली हरवली असेल तरी ही उपयोगी पडते.

एवढं करून नाही निघाला तर थांबा. पुढचं काम गॅरेजचं. तिथे नटावर दुसरा नट वेल्डिंगने चिकटवून फिरवतात, किंवा ड्रिल मारून, छिन्नीने फोडून काढतात. घरी कुणी आगीच्या ज्योतीने नट तापवायला निघालं तर त्याचा हात धरा. चाक तापलं तर टायर आतून पेटल्यासारखा होतो आणि फुटतो, कधीकधी ज्योत बाजूला केल्यावरसुद्धा. हबमधलं बेअरिंगही जातं ते वेगळंच.

स्टडच तुटला तर?

नट फिरवता-फिरवता कट्कन आवाज आला आणि नट अर्ध्या स्टडसकट हातात आला, तर घाबरू नका. चाक तर निघेल! स्टड ही बदलायची वस्तू आहे. जुना मागच्या बाजूला ठोकून काढतात आणि नवा ओढून बसवतात. पण एक नट कमी ठेवून आठवडे-आठवडे फिरू नका. एकाचा भार बाकीच्यांवर पडतो आणि एकामागून एक तेही जातात. आजूबाजूचे स्टडसुद्धा तपासून घ्या, कारण एकाला ज्याने ताणलं त्याच हाताने बाकीचे आवळले आहेत. युरोपी गाडीचा बोल्ट तुटला तर तुकडा हबच्या आत राहतो, तो काढणं कसबी माणसाचंच काम.

परत बसवताना

कोकणात आपले वाडवडील तेलाचे घाणे चालवायचे. शनिवारी घाणा बंद, म्हणून गाव आपल्याला 'शनिवार तेली' म्हणायचा. तेव्हा तेल लावायला आपल्याला कुणी शिकवायला नको. पण इथे तेल्यांनीही हात आवरायचा! नट काढताना तेल चालतं, बसवताना नाही. आट्यांना तेल असलं की नट सहज फिरतो, तेवढ्याच जोरात स्टड जास्त ताणला जातो, आणि पुन्हा तेच दुखणं. म्हणून राहिलेलं तेल पुसा, आटे ब्रशने साफ करा, कोरडे ठेवा.

नट पहिल्यांदा बोटांनीच फिरवा, चार-पाच फेरे सहज गेले पाहिजेत. वाकडा लागला तर काढा आणि पुन्हा लावा. नटाची निमुळती बाजू चाकाकडे हवी. मग एकाआड एक थोडे-थोडे आवळत जा, एकच एक पुरता आवळून दुसऱ्याकडे जाऊ नका. गाडी खाली उतरवल्यावर शेवटचा पीळ द्यायचा, तो टॉर्क पान्याने. या पान्यावर आकडा लावला की तेवढा पीळ झाल्यावर तो टक् असा आवाज करतो. पन्नास ते शंभर किलोमीटर गाडी चालल्यावर नट पुन्हा एकदा तपासा, नवं चाक जरा बसतं आणि नट सैल होऊ शकतात.

मुलांसाठी

कागदावर एक गोल काढा आणि त्यावर सारख्या अंतरावर पाच ठिपके द्या. हे पाच नट. आता पेन्सिल न उचलता, दर वेळी एक ठिपका सोडून पुढच्यावर जा. पाच टोकांची चांदणी तयार होईल. आपला सहा टोकांचा मागेन दाविद नाही, पाच टोकांची! नट त्याच क्रमाने आवळायचे, म्हणजे चाक सगळीकडून सारखं दबतं. चार नट असतील तर समोरासमोरचे.

आता शब्द. हिब्रूत चाक म्हणजे गलगल, टायर म्हणजे त्समिग, बोल्ट म्हणजे बोरेग आणि नट म्हणजे ओम. माफ्तेअख म्हणजे किल्लीही आणि पानाही. टायर फुटला की आपण पंक्चर म्हणतो आणि इथे पंचर म्हणतात, दोघांनीही शब्द इंग्रजांकडून घेतला. आणि आजी जास्तीच्या चाकाला स्टेपनी का म्हणते? वेल्समध्ये लॅनेली नावाच्या गावात स्टेपनी स्ट्रीट नावाचा रस्ता आहे. १९०४ च्या सुमारास तिथल्या दुकानात जास्तीचं चाक तयार झालं, आणि रस्त्याचं नाव चाकाला मिळालं. ते नाव भारतात आलं आणि आपल्या आजीबरोबर इस्रायललाही आलं.

डिकीत काय असावं

सहा कोपऱ्यांची आपल्या नटाच्या मापाची गोटी, तिच्याहून एक नंबर लहान गोटी, लांब दांडा, छोटी हातोडी, तारेचा ब्रश, झिरपणाऱ्या तेलाचा डबा, जाडे हातमोजे, चष्मा, टॉर्च, आणि लॉकचा नट असेल तर त्याची किल्ली. स्टेपनीत हवा आहे का तेही महिन्यातून एकदा बघा. काही नव्या गाड्यांत स्टेपनीच नसते, फक्त टायर भरायचं औषध असतं. तुमच्या गाडीत काय आहे ते आजच डिकी उघडून पाहा.

आणि पुढच्या वेळी टेस्टपूर्वी किंवा टायर बदलायला पंचरियात जाल, तेव्हा लाजू नका. शुक्रवारी दुपारी दुकान बंद करायच्या घाईत असलेल्या माणसाकडे जाऊ नका, आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी जा. तो गन उचलायला लागला की हसून म्हणा, "बेवकाशा, इम माफ्तेअख मोमेंट." म्हणजे, कृपा करून टॉर्क पान्याने आवळा. हिब्रू मोडकी असली तरी चालते, तो समजतो. नसेल त्याच्याकडे तसा पाना, तर दुसरं दुकान बघा. ज्यांना वाक्य पाठ होत नाही त्यांनी नातवाकडून हिब्रू अक्षरांत चिठ्ठी लिहून घ्यावी आणि गाडीच्या कागदपत्रांबरोबर ठेवावी.

पुढच्या अंकात उन्हाळ्यात गाडीत ठेवलेल्या औषधांचं काय होतं त्याबद्दल लिहू. तोवर सांभाळून चालवा, तब्येतीला जपा.

आपली,
सिस्टर